पेठेतल्या वाड्याला धोकादायक इमारतीची नोटीस आली आहे. पाडण्याखेरीज काही मार्ग उरतो का?

प्रश्न विचारणारे: चौसोपी

नमस्कार. पुण्याच्या कसबा पेठेत आमच्या घराण्याचा दुचौकी वाडा आहे. बांधकामाचा सन सांगणारा कागद आमच्याकडे नाही. पण दिंडी दरवाजा, पुढच्या चौकातले सुरूच्या झाडासारख्या निमुळत्या घाटाचे सागवानी खांब, त्यांवरच्या महिरपी आणि दिवाणखान्याचा कडीपाट, म्हणजे कड्या-फळ्यांचे लाकडी छत, पाहून जाणकारांनी तो उत्तर पेशवाईतला असावा असे सांगितले आहे. मागचा चौक पुढे भाडेकरू ठेवण्यासाठी बराच बदलला गेला. तिथल्या पडव्यांना आज पत्रे आहेत, मधे विटांच्या आडभिंती आहेत आणि वरच्या मजल्यावर लाकडी जमिनीवरच मोऱ्या बांधलेल्या आहेत. वाड्यात सध्या आमच्यापैकी एक कुटुंब आणि सात भाडेकरू राहतात. मिळकत पत्रिकेवर पाच चुलत भावंडांची नावे आहेत, वाटणी झालेली नाही, आणि पाचांपैकी दोघे परदेशात स्थायिक आहेत.

गेल्या पावसाळ्यात मागच्या चौकातली एक भिंत पडली. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. परंतु त्यानंतर महापालिकेची नोटीस आली आणि तिच्या पाठोपाठ एका विकासकाचा प्रस्तावही आला. प्रत्येक भावंडाला एक सदनिका, प्रत्येक भाडेकरूला मालकी हक्काची लहान सदनिका, आणि नव्या इमारतीच्या तळमजल्यावर जुना दिंडी दरवाजा ‘आठवण म्हणून’ बसवून देण्याचे आश्वासन, असे त्याचे स्वरूप आहे. तीन भावंडे तयार आहेत. चौथ्याचा निर्णय व्हायचा आहे. माझी इच्छा वाडा राहावा अशी आहे, पण केवळ इच्छेवर इतरांना अडवून धरणे मला योग्य वाटत नाही. नोटीस आली म्हणजे पाडणे बंधनकारक झाले का, वाडा वारसा यादीत घालून घेतला तर आम्ही काय मिळवतो आणि काय गमावतो, आणि दुरुस्तीचा पैसा उभा करण्याची व्यवहार्य वाट कोणती, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर देणारे: तुळई

मी जुन्या लाकडी इमारतींच्या दुरुस्तीचे काम करतो, म्हणून इमारतीपुरतेच बोलतो. कायद्याचे इतर कोणी सांगतील.

पहिली गोष्ट, नोटीस शब्दशः वाचा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली आयुक्त मालकाला इमारत पाडण्यास सांगू शकतात, तसेच ती सुरक्षित किंवा दुरुस्त करण्यासही सांगू शकतात. नोटिशीत यांपैकी काय लिहिले आहे आणि ते संपूर्ण वाड्याविषयी आहे की पडलेल्या भागाविषयी, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. बहुतेक महापालिका तपासणीनंतर इमारतींचे वर्ग करतात: रिकामी करून तातडीने पाडण्याच्या त्या सी-१, रिकामी करून मोठी दुरुस्ती करण्याच्या सी-२ए, रहिवासी न हलवता दुरुस्त होणाऱ्या सी-२बी आणि किरकोळ दुरुस्तीच्या सी-३. विकासक सुचवील त्या अभियंत्याकडून अहवाल घेतला तर वाडा सी-१ मध्ये जाण्याचा संभव किती असतो, हे मी येथे लिहिण्याची गरज नाही.

यात अप्रामाणिकपणाच असतो असे नाही. काँक्रीटच्या इमारती तपासण्यात हयात गेलेला अभियंता वाड्यात आला की काँक्रीटचा कठीणपणा मोजणारा रिबाउंड हॅमर आणि ध्वनिलहरींची चाचणी घेऊन येतो, आणि मातीच्या भिंतीवर त्या उपकरणांना सांगण्यासारखे काहीच सापडत नाही. मग तो भेगा मोजतो आणि इमारतीचे वय लिहितो. वाड्याचा मुख्य भार लाकडी खांब आणि तुळया वाहतात. बाहेरच्या जाड भिंती काही भार घेतात, पण आतल्या आडभिंती बहुधा खणांमधले भरण असतात. त्यांतली एक पडली याचा अर्थ सांगाडा निकामी झाला असा होत नाही. आपल्याकडे मागचा चौक खूपच बदललेला आहे आणि भिंतही तिथलीच पडली आहे. म्हणून पुढच्या आणि मागच्या चौकाचा अहवाल स्वतंत्रपणे करून घ्यावा, आणि तो लाकडी बांधकामाची जाण असलेल्या संवर्धन अभियंत्याकडूनच घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन.

सागवान सहजासहजी कुजत नाही. ते कुजते तिथे पाणी आलेले असते, आणि पाणी येण्याच्या जागा ठरलेल्या असतात. खांबाचा तळ, जिथे तो दगडी तळखड्यावर टेकतो, तुळईचे टोक, जे भिंतीत गेलेले असल्यामुळे बाहेरून दिसत नाही, पन्हळीखालचा कोपरा, आणि आपण लिहिल्याप्रमाणे वरच्या मजल्यावरच्या मोऱ्या. माझ्या पाहण्यात वाड्यांचे सर्वाधिक नुकसान या मोऱ्यांनी केले आहे. त्या गरजेपोटी बांधल्या गेल्या, त्यामुळे त्या बांधणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही; पण प्रत्येक मोरीखालची तुळई आरीने टोचून पाहिल्याशिवाय अहवाल पुरा झाला असे मानू नये. वाड्यात बुजवलेला हौद असल्यास तेही सांगा. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून पेठांमध्ये पाणी आणले गेले होते, आणि अशा जुन्या नळांचा मार्ग कुठे तुंबला असेल तर पाणी जोत्यात मुरत राहते.

दुसरे मोठे नुकसान सिमेंटचे. ओल दिसली की कोणीतरी गवंडी बोलावतो आणि तो सिमेंटचा गिलावा करून देतो. चुन्याचा गिलावा भिंतीतली ओल बाहेर जाऊ देतो, सिमेंट ती आत कोंडते. त्यामुळे वरून भिंत कोरडी दिसते आणि आत विटा भुसभुशीत होत जातात. आपली पडलेली भिंत अशा गिलाव्याची होती का, हे ढिगाऱ्यातल्या विटा पाहून कळेल. ढिगारा उचलून टाकू नका.

कुजलेला खांब संपूर्ण बदलावा लागत नाही. तळाचा खराब भाग कापून त्या जागी जुन्याच सागवानाचा तुकडा खाच आणि कुसू, म्हणजे खाचेत बसणारे टोक, करून जोडता येतो, आणि असा जोड नीट केला तर तो पुष्कळ वर्षे टिकतो. हे जुने सागवान मिळते ते मात्र पाडलेल्या वाड्यांमधून, लाकूडबाजारात. एक वाडा दुरुस्त करायचा तर दुसरा पडलेला असावा लागतो, ही या व्यवसायातली न बोललेली गोष्ट आहे. चुना मुरवून, त्यात गूळ आणि हिरड्याचे पाणी घालून काम करणारे गवंडी कमी झाले आहेत, पण संपलेले नाहीत.

राहता राहिला दिंडी दरवाजा. दहा मजल्यांच्या पायाशी, मागे वाहनतळ आणि पुढे सुरक्षारक्षकाची खुर्ची अशा जागी तो बसवण्यापेक्षा तो संग्रहालयाला द्यावा, हे माझे वैयक्तिक मत आहे.

उत्तर देणारे: नारायण पेठ

माझा जन्म वाड्यातला, पण भाडेकरूच्या दोन खोल्यांतला. अकरा बिऱ्हाडांना मिळून दोन संडास होते. वाड्यांवर हळवे होऊन लिहिणारे बहुधा दिवाणखान्याच्या बाजूचे असतात, असे माझे निरीक्षण आहे, आणि आपला प्रश्न त्या सुरात नाही म्हणूनच उत्तर देत आहे.

वाडे विकासकाने संपवले, हे अर्धेच खरे आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटल्यावर नदीकाठच्या पेठांमधले कितीतरी वाडे एका दिवसात बसले; पण जे उभे राहिले ते नंतरच्या वर्षांत हळूहळू गेले, आणि त्यांना पाणी नव्हे, भाड्याचा हिशेब लागला. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली. २००० साली अमलात आलेल्या १९९९ च्या नव्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली, पण मुळातली रक्कमच इतकी लहान की वाढीला अर्थ राहिला नाही. मालक म्हणतो, या भाड्यात कौले शाकारणेही होत नाही, आणि ते खरे आहे. भाडेकरूने स्वतः दुरुस्ती करावी म्हटले, तर मालकाला नोटीस देऊन तसे करता येते आणि खर्च भाड्यातून वळता करता येतो. मात्र एका वर्षात वार्षिक भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक नाही. महिना ४० रुपये भाडे असलेल्या खोलीसाठी ही रक्कम वर्षाला १२० रुपये होते. एवढ्यात एक पन्हळही बदलून होत नाही. अशा रीतीने ज्याच्या मालकीचे त्याला परवडत नाही आणि जो राहतो त्याला अधिकार नाही, या अवस्थेत वाडा पन्नास वर्षे पावसात उभा राहतो, आणि मग एके दिवशी तो धोकादायक आहे असे सर्वांना एकदमच दिसते.

आपल्या सात भाडेकरूंशी आपण बोलला आहात का? आपल्या लिखाणात भावंडांचा कल आला, विकासकाचा प्रस्ताव आला; भाडेकरूंचे म्हणणे आले नाही. त्यांना वाडा नकोसा झाला आहे असे गृहीत धरू नका. त्यांना स्वतःचा संडास, न गळणारे छप्पर आणि उद्या कोणी बाहेर काढणार नाही याची लेखी हमी हवी असते. विकासक नेमके हेच देतो, म्हणून ते त्याच्या बाजूला जातात. आपण तेच देऊ शकलात तर ते आपल्या बाजूला का येणार नाहीत?

तुळई यांनी दोन चौकांचा अहवाल वेगळा करण्यास सांगितले आहे, त्यावरून एक सुचते. मागचा चौक मुळातच विस्कटलेला आहे. तो उतरवून तिथे भाडेकरूंसाठी नवी, बेताच्या उंचीची इमारत बांधता येईल का, आणि पुढचा चौक भावंडांनी ठेवावा असे ठरवता येईल का? यात विकासकाला मिळणारे क्षेत्र कमी होईल, म्हणून कदाचित मोठा विकासक येणार नाही. लहान कंत्राटदार येऊ शकेल.

उत्तर देणारे: कायदेकानू

वरील सूचना विचार करण्याजोगी आहे, परंतु तिच्याआधी काही बाबी तपासाव्या लागतील.

सर्वप्रथम शनिवारवाड्यापासूनचे अंतर मोजा. शनिवारवाडा केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार अशा स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई आहे. तिथे जुन्या इमारतीची दुरुस्ती किंवा नूतनीकरणच, तेही परवानगीने, करता येते. त्यापुढील २०० मीटरच्या पट्ट्यात बांधकामासाठी परवानगी लागते. पहिल्या पट्ट्यात असाल तर विकासकाचा प्रस्ताव मुळातच लटका आहे. त्या पट्ट्यातील घरमालकांची अवस्था विचित्र आहे, कारण त्यांना विकासक मिळत नाही आणि दुरुस्तीचा पैसाही मिळत नाही. शनिवारवाडा राखण्यासाठी केलेला नियम त्याच्या शेजारचे वाडे मात्र राखू शकत नाही.

दुसरी बाब वारसा यादीची. यादीतील इमारतींच्या तीन श्रेणी असतात. पहिल्या श्रेणीत बळकटीकरणापुरताच हस्तक्षेप चालतो. दुसरीत आतले बदल आणि नवा वापर मर्यादेत चालतो. तिसरीत बरीच मोकळीक असते आणि इमारत खिळखिळी झाली असेल तर काही अटींवर पुनर्बांधणीचाही विचार होऊ शकतो. आपण यादीत आहात की नाही, असाल तर कोणत्या श्रेणीत, याचे उत्तर महापालिकेच्या वारसा कक्षाकडून लेखी घ्यावे. शेजाऱ्यांनी सांगितलेल्या श्रेणीवर विसंबून राहू नये.

यादीत असण्याचा आर्थिक लाभ एकच, पण मोलाचा. वारसा इमारत म्हणून मालकाला भूखंडावरील बांधकामाचा हक्क वापरता येत नसेल, तर तो हक्क हस्तांतरणीय विकास हक्काच्या म्हणजे टीडीआरच्या रूपाने अन्यत्र विकता येतो. डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीतही तशी तरतूद आहे. मुंबईत ही कल्पना १९९५ च्या वारसा नियमांपासून परिचित आहे. टीडीआरचा भाव बाजाराप्रमाणे चढतो-उतरतो आणि तो पदरात पडेपर्यंत बराच काळ जातो, तेव्हा पहिल्या वर्षाचा खर्च त्यातून भागेल असे समजू नये. तरीही सागवानाचे खांब जोडण्याइतका पैसा उभा राहू शकेल असा दुसरा मार्ग मला दिसत नाही. येथे क्रमाला फार महत्त्व आहे. विकासकाशी करार नोंदवून मग वारसा समितीकडे जाणे म्हणजे दोन्हीकडून वाद ओढवून घेणे होय. आधी समितीकडे जा.

भाडेकरूंना दुरुस्तीसाठी तात्पुरते हलवावे लागले, तर काम पूर्ण झाल्यावर परत येण्याचा हक्क त्यांना १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानेच दिलेला आहे. तो कागदावर मान्य केल्याने आपले काही जात नाही, उलट विश्वास मिळतो. अविभक्त मिळकतीत मात्र कोणताही सहहिस्सेदार वाटणीचा दावा लावू शकतो, आणि असा दावा उभा राहिला की वाडा निकालाची वाट पाहत नाही. त्यामुळे तीन भावंडांना हरवण्याची भाषा टाळावी. पुढचा चौक ज्यांना ठेवायचा आहे त्यांनी इतरांचा हिस्सा टप्प्याटप्प्याने विकत घ्यावा, असा तोडगा काढता येईल.

ऐतिहासिक महत्त्व सिद्ध झाले म्हणजे वास्तू वाचली, असेही कोणी समजू नये. बुधवार पेठेतील भिडेवाड्यात १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. त्या जागेचे महत्त्व कोणीही नाकारत नव्हते. तरी दुकानदार भाडेकरूंशी दशकाहून अधिक काळ न्यायालयीन लढा चालला, आणि २०२३ मध्ये निकाल लागल्यावर त्याच वर्षी डिसेंबरात ती मोडकळीला आलेली वास्तू स्मारकासाठी पाडण्यात आली. दरम्यानच्या काळात तिच्या छपरावर कौल चढवण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती.

उत्तर देणारे: दूरदेशी

भाडे नियंत्रणावर बोलणे झाले म्हणून एक परदेशी उदाहरण जोडतो. कामानिमित्त माझा मलेशियातील पेनांगशी संबंध आला. तिथल्या जॉर्ज टाउन शहरातही जुनी दुकानघरे स्वस्त भाड्यामुळे तगून होती. १९६६ चा भाडे नियंत्रण कायदा रद्द करण्याचे १९९७ मध्ये ठरले आणि २००० च्या आरंभापासून तो उठला. भाडी एकदम वाढली, पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली कुटुंबे निघून गेली, आणि कित्येक रिकाम्या घरांत पाकोळ्यांच्या घरट्यांचा धंदा सुरू झाला, कारण त्या घरट्यांना चिनी खाद्यबाजारात मोठी किंमत मिळते. पुढे २००८ मध्ये शहर जागतिक वारसा यादीत आले. घरे सुधारली, हॉटेले आणि कॅफे आले, मात्र गेलेले रहिवासी परतले नाहीत. म्हणून ‘कायदा उठवा, वाडे आपोआप वाचतील’ असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. नारायण पेठ यांचा भाडेकरूंना मालक करण्याचा मार्ग मला अधिक शहाणपणाचा वाटतो.

उत्तर देणारे: मोजणीदार

मी थोडे विरुद्ध मत मांडतो. प्रत्येक वाडा राखण्यासारखा नसतो आणि प्रत्येक घराण्याची तेवढी ताकदही नसते. पुढच्या दहा वर्षांत वाड्यावर सातत्याने खर्च करील असा भावंडांत कोणी एकही नसेल, तर आज अर्धवट दुरुस्ती करून तो पुन्हा ढासळू देण्यापेक्षा काळजीपूर्वक मोजणी करून, प्रत्येक मजल्याचे नकाशे, प्रत्येक खांबाचा आणि महिरपीचा आराखडा, छायाचित्रे आणि कागदपत्रे नोंदवून तो उतरवणे अधिक प्रामाणिक ठरेल. पुण्यातले असंख्य वाडे अशा नोंदीवाचूनच गेले. आज त्यांचा नकाशाही कोणाकडे नाही. निर्णय कोणताही होवो, मोजणी या उन्हाळ्यातच करून घ्यावी. राखायचा असेल तरी ती लागतेच.

चौसोपी

सर्वांचे आभार. शनिवारवाड्यापासूनचे अंतर ३०० मीटरहून अधिक असल्याचे नकाशावर दिसते. तरी ते अधिकृतरीत्या तपासून घेईन. वारसा कक्षाकडे अर्ज दिला आहे. नोटीस पुन्हा वाचली तेव्हा तिच्यात ‘पाडणे अथवा सुरक्षित करणे’ असे शब्द आढळले, जे आम्ही घाईत नीट वाचलेच नव्हते. भाडेकरूंची बैठक घेतली. सातांपैकी पाच जणांना मागच्या चौकाची कल्पना पटली. एका कुटुंबाला पैसे घेऊन जायचे आहे, आणि एका आजींनी स्पष्ट सांगितले की मालकी मिळाली तरी त्या दुसऱ्या मजल्यावर चढणार नाहीत. तळमजल्याची जागा त्यांच्यासाठी राखावी लागेल. परदेशातल्या भावंडांपैकी एकाने आपला हिस्सा आम्हाला विकण्याची तयारी दाखवली आहे. बाकीचे अजून विकासकाच्याच प्रस्तावाकडे झुकलेले आहेत.

अहवाल, समिती, वाटाघाटी हे सगळे होईपर्यंत पावसाळा येईल. तोपर्यंत सात कुटुंबे तिथेच राहणार आहेत. आत्ता, मोठा खर्च न करता काय करणे आवश्यक आहे?

तुळई

माणसांचा विचार आधी. पडलेल्या भिंतीला लागून असलेल्या खोल्या रिकाम्या करा. पुढच्या चौकात तेवढी जागा निघत असेल तर त्या कुटुंबांना पावसाळ्यापुरते तिथे आणा, आणि ही व्यवस्था तात्पुरती असल्याचे दोन्ही बाजूंनी लिहून घ्या. अभियंत्याने जागा दाखवल्याशिवाय टेकू लावू नका, कारण चुकीच्या जागी दिलेला टेकू तुळईला खालून ढकलतो आणि चांगला सांधाही उघडतो. टेकू जमिनीवर थेट न ठेवता खाली जाड फळी द्या, आणि तो वरच्या मजल्यावर थांबवू नका. भार जोत्यापर्यंत पोहोचला पाहिजे.

पोटमाळे रिकामे करा. वाड्यांच्या पोटमाळ्यांवर तीन पिढ्यांची भांडी, ट्रंका आणि जुनी वर्तमानपत्रे असतात. हे वजन कुजलेल्या तुळयांना निष्कारण सोसावे लागते. पन्हळी साफ करून घ्या, फुटलेली कौले बदला, मागच्या चौकावर ताडपत्री नीट ताणून बांधा. वरच्या मोऱ्यांचा वापर आजपासून बंद ठेवता आला तर उत्तम. त्यासाठी चौकात एक तात्पुरती न्हाणी बांधावी लागेल, आणि तो खर्च भावंडांनी करावा. उभ्या भेगांवर पातळ काचपट्ट्या चुन्याने चिकटवून त्यांवर तारीख लिहा. पट्टी तडकली तर भिंत अजून सरकते आहे हे कळते आणि अभियंत्याला नेमकी माहिती मिळते.

या सगळ्याची तारखेनिशी छायाचित्रे काढून नोटिशीच्या लेखी उत्तरासोबत महापालिकेला द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका. आजींची खोली तळमजल्यावर कोणत्या बाजूला द्यायची, ते मात्र मागच्या चौकाचा नकाशा काढण्याआधी त्यांनाच विचारा. जिना आणि संडास कुठे येणार हे त्यावरूनच ठरेल.